भुयारटेसनात ‘येस’ म्हणू नये

बसा रे. मोटरीले थ्री फेज लाईट यायले टाईम आहे अजून, गहू काय पळून चालला? ज्याले लघवीले जायचं त्याने आत्ताच जाऊन घ्या. मंग मले ‘चला ना नाना सोबत’ म्हटलं तरी मी उठणार नही. समाधान, तू असा वाऱ्याच्या बाजूले बस. भ्याला म्हणून नही रे, तू जाड आहे, थंडी अडते.

हा योगेंद्र सकाळपासून पुण्याचे फोटो दाखवून राहिला. मेट्रोचं टेसन म्हणे जमिनीखाली. सरकता जिना काय, फरशी काय, तोंड पाहून घ्या अशी. अरे भो, आपल्या तापीकडच्या लाईनीवर तुझ्या आज्याच्या आज्यापासून जमिनीखालचं टेसन होतं. नरडाण्यापासून फार लांब नही. गावाचं नाव मी सांगणार नही. तिथल्या दोन पोरी आपल्या गावात नांदतात, उद्या माझ्या दारात येऊन भांडतील. लोक त्याले भुयारटेसनच म्हणायचे.

जुने म्हातारे सांगायचे, गोऱ्या साहेबाने नकाशा उलटा धरला, म्हणून रूळ वर गेले आन् टेसन खाली राहिलं. तसं काही नही. तिथं नदी वळते, पावसाळ्यात पाणी पार शिवारात पसरतं. म्हणून रुळासाठी मातीचा भराव टाकला, माडीच्या घराएवढा उंच. वर रूळ बसले, पण टेसन बसायले जागा उरली नही. मंग साहेब म्हणे, या भरावाच्या पोटातच खोल्या काढा.

समोरून काळ्या दगडाची कमान. आत गेलं की एक लांब खोली, छत विटांचं, पालथ्या नावेसारखं गोल. बैलाच्या घाण्यात दळलेला चुना, आजवर एक वीट हलली नही. तिकिटाची खिडकी भिंतीतच, पितळी गजांची. डाव्या हाताले बायांची खोली वेगळी, तिले लाकडी जाळी, आत सागवानी बाक. शेवटाले दगडी जिना. तो चढला की डोकं थेट फलाटावर निघायचं, उंदीर बिळातून निघतो तसं. धाब्याच्या घराले छतात उजेडाचं भोक ठेवतात ना, तशी तिथं छताले भोकं होती, वर हिरवी जाड काच. गाडी गेली की खाली उजेड उघडझाप करायचा. आन् गाडी आधी तळपायाले कळायची, मंग छातीले, सगळ्यात शेवटी कानाले.

वैशाखात आत माठासारखं थंड. अर्धं गाव दुपारचं तिथंच झोपायचं, तिकीट न काढता. कापसाचे व्यापारी, सुरतेले मिलमध्ये जाणारे पोरं, माहेरी चाललेल्या बाया, बठ्ठे त्याच नावेखालून गेले.

मंग डबल लाईन झाली. वर नवं टेसन झालं पत्र्याचं, आन् खालचं बंद पडलं. शेळ्या बसल्या, पत्ते कुटणारे बसले, हळूहळू तेही उठले. गेल्या वर्षी ठरलं, वरून आता जड मालगाड्या धावतात, खाली पोकळी नको. कमानीत भिंत घालायची, आन् वरच्या भोकांतून पंपाने सिमेंटचा पातळ माल सोडायचा, छतापर्यंत. पोटच भरून टाकायचं.

त्या कामावर ठेकेदाराने वॉचमन ठेवला, प्रेमराज नावाचा.

हा प्रेमराज माझ्यासंगं जिनिंगात होता. लई गरीब. एकदा मी त्याच्या डब्यात जिता बेडूक ठेवला. दुसरा असता तर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. याने झाकण लावलं, विहिरीपर्यंत चालत गेला, बेडूक सोडून आला आन् उपाशी पोटी गाठोडी उचलली. मलेच म्हणे, ‘नाना, तुम्ही जेवनात का?’ आता अशा माणसाची मस्करी करायची तरी कशी?

त्याची बायको रूपा. दोघंच घरात. पोरगी पुनम जळगावले, मेहरूणमध्ये दिलेली. रूपा आजारी पडली, धुळ्याच्या दवाखान्यात गेली, तिथून आलीच नही. तेव्हापासून हा एकटा. पुनम रोज फोन करायची, ‘आबा, घर बंद करा न इकडे या.’ हा म्हणायचा, पाहू.

आता त्याची एक सवय सांगतो, नीट ऐका. योगेंद्र, तुझ्या कॉलेजात ‘येस’ म्हणजे हो. आपल्या खान्देशात येस म्हणजे येतो. घरून निघताना माणूस ‘जास’ म्हणत नही, जातो म्हणू नये. ‘येस’ म्हणायचं. आन् घरातलं माणूस म्हणणार, ‘या’. बरोबर? प्रेमराज रोज सकाळी पायात चप्पल घालता घालता हाळी द्यायचा, ‘येस वं.’ आन् चुलीपासून रूपा म्हणायची, ‘या.’ तिचं ‘या’ ऐकल्याशिवाय गडी उंबरा वलांडायचा नही. एकदा तिचा घसा बसला होता तर तिने ताटलीवर पळी वाजवून ‘या’ सांगितलं.

ती गेल्यावर हा चप्पल घालायचा, तोंड उघडायचा, आन् बंद करायचा. रिकाम्या घराले कोण सांगतं? शब्द तसाच गिळायचा. रोज. मोठ्या गोळीसारखा.

तर एका संध्याकाळी काय झालं. त्याची पाळी दुपारपासून ते दिवे लागल्यावर दुसरा वॉचमन येईस्तोवर. दुसरा म्हणजे अमृत, तरणा, बोलघेवडा. सुपरवायझर जाता जाता प्रेमराजले म्हणे, ‘बाबा, आतला हॅलोजन काढून आणा, चोरीले जाईल.’ एवढंच काम. प्रेमराज आत गेला, जिन्याजवळचा दिवा उतरवला, वायर गुंडाळून खांद्यावर टाकली आन् निघाला. डोक्यात काही नही. घरी भाकर टाकायची का सकाळचीच खायची, एवढाच विचार. कमानीपाशी आला, चप्पल बाहेर काढलेली होती, पायात घातली. पाय चपलेत गेला आन् तोंडातून आपोआप निघालं,

‘येस वं.’

आन् आतून आवाज आला,

‘या.’

तो उभाच राहिला. वायर खांद्यावरून घसरली तरी त्याले समजलं नही. मागं वळून पाहिलं. आत अंधार, दुसरं काही नही.

अमृत आला तेव्हा याने त्याले सांगितलं. अमृत हसला. ‘घुमट शे ना भो! आवाज फिरीसन येस. तू येस म्हनना, ते या व्हयी गयं.’ दोघं कमानीत उभे राहिले. अमृत छाती फुगवून ओरडला, ‘येस!’

आतून आलं, ‘...एस... एस... स...’

‘पाह्यनं?’

‘आते तर एस उनं,’ प्रेमराज म्हणे. ‘या नही उनं.’

‘मंग तुले कानना डॉक्टर पाहिजे,’ अमृत म्हणे. ‘नहीतर नवरी.’

दुसऱ्या दिवशी प्रेमराजने मुद्दाम केलं. दुपारी नही, लोक होते. संध्याकाळी मजूर गेल्यावर. कमानीत उभा राहिला. भोवती पाहिलं. चोरासारखं हळूच म्हणे, ‘येस वं.’

‘या.’

पोरांनो, तुम्हाले वाटेल तो भ्याला. नही भ्याला. तिथंच खाली बसला आन् रडला. दोन वर्षं गिळलेली गोळी विरघळली. त्या रात्री घरी जाऊन त्याने ताजी भाकर टाकली, मिरचीचा ठेचा केला, पोटभर जेवला.

मंग रोजचं झालं. मजूर गेले की हा आत जाऊन बसायचा, बायांच्या खोलीच्या जाळीजवळ, बाहेरच्या दगडी ओट्यावर. गप्पा मारायचा. आज भरीताची वांगी काय भाव होती, पुनमचा फोन आला, शेजारच्याने बांध कसा कोरला. पलीकडून काहीच नही. वरून गाडी गेली की चुन्याची भुकटी पडायची, ती झटकून हा पुढं बोलायचा. उठताना म्हणायचा, ‘येस वं.’ तेवढ्यापुरतं यायचं, ‘या.’ बस. त्याले तेवढं पुरे.

गडी दाढी करायले लागला. धुतलेला सदरा घालू लागला. अमृत चिडवायचा, ‘दाढी कोणाकरता करस भो? पंपले दाखाडस का?’ हा नुसता हसायचा.

पुनमचा फोन आला, ‘आबा, काम कव्हय संपस?’

‘शे अजून.’

‘संपनं का मी येस तुमले लेवाले.’

‘नको,’ हा म्हणे. ‘अठे माले बरं वाटस.’

बाप दोन वर्षांनी ‘बरं वाटस’ म्हणे, तर पोरीले आनंद व्हायले पाहिजे ना? तिले काही आनंद झाला नही. म्हणे, ‘आबा, तठे कोण शे तुमनासंगे?’

याने ‘गाडी वाजी ऱ्हायनी’ म्हणून फोन ठेवला.

...

मंग एक दिवस. मार्गशीर्ष लागलेला, दिवस लवकर बुडायचा. मजूर गेले. प्रेमराजने कमानीबाहेर चप्पल काढली. आत पाऊल टाकलं. अजून तोंड उघडलं नव्हतं त्याने. आला होता, निघालेला नव्हता.

आतून आवाज आला.

‘या.’

समजलं का काय झालं ते? समाधान, तुले समजलं, तू सरकला. तोपर्यंत ते ‘या’ म्हणजे जाऊन या. निरोपाचं. आता ते निरोपाचं नव्हतं. आता ते बोलावणं होतं. शब्द तोच. एका मात्रेचाही फरक नही.

प्रेमराज त्या दिवशी आत गेला नही. बाहेर विटांच्या ढिगावर बसून राहिला. अमृत आला तसा उठला, आन् कमानीकडं न पाहता निघाला. ‘येस’ही म्हणला नही.

फाटकाजवळ तानुबाईची चहाची टपरी होती. डोकरी लई जुनी, डोळ्यांनी कमी, पण पैलवानासारखा आवाज. तिचा सासरा भुयारटेसनात पाणक्या होता, उतारूंले पाणी पाजायचा. प्रेमराजने चहा घेतला, तो निवला तरी प्यायला नही.

‘काय रे, माशी पडनी का चहामा?’ तानुबाई म्हणे.

‘अक्का,’ प्रेमराज म्हणे, ‘त्या खालना टेसनमा कोण शे?’

तानुबाईचा हात थांबला. ‘तू तठे बोलना का काही?’

‘येस बोलनू.’

डोकरीने गॅस बंद केला. समोर बसली. म्हणे, ‘तुमले नवीन लोकेसले कोणी सांगंच नही का? त्या टेसनमा कोणी येस म्हणेच ना. मना सासराना डोळासमोर माणसं गाडी चढेत, मायबाप, नवराबायको, बठ्ठा मुका. हात हालवेत आन् जिना चढी जायेत. बाहेरना गावना माणूस येस म्हणना, की मना सासरा त्याना तोंडवर हात ठेवे.’

‘काब्र? काय व्हयनं व्हतं असं?’

मंग तिने सांगितलं. एक बाई होती. नवरा सुरतेले निघाला मिलमध्ये, ही त्याले सोडायले आली. गर्दी होती, बायांच्या खोलीत बसली. नवरा जिन्यावरून ओरडला, ‘येस वं.’ ही जाळीतून म्हणे, ‘या.’ तो काही आला नही. ना चिठ्ठी, ना माणूस. ही रोज गाडीच्या वेळेले येऊन बाकावर बसायची. लोक हसले, मंग कंटाळले, मंग तिच्याकडं पाहायचं सोडलं. एका सकाळी ती बाकावर बसल्या बसल्या सापडली. डोळे जिन्याकडं. त्यानंतर तिथं जो मनापासून येस म्हणाला, त्याले ‘या’ आलं.

‘आवाजनं काही नही रे,’ तानुबाई म्हणे. ‘आवाज काय करस? पण एक पोऱ्या व्हता, एकलाच, मायबाप नही. त्याले बरं वाटे. रोज येस म्हणे. एक दिन गाडी वर उनी न हाऊ चढनाच नही. खालेच बाकवर बसेल. मना सासराने हालाडं...’

तिने गार चहा उचलून बाहेर फेकला.

प्रेमराज म्हणे, ‘अक्का, माले वाटनं मनी रूपा शे.’

तानुबाईने त्याच्याकडं नीट पाहिलं. म्हणे, ‘रूपा जाताना काय बोलनी व्हती?’

आता हे कोणालेच ठाऊक नव्हतं. पुनमलेही नही. धुळ्याच्या दवाखान्यात पहाटे रूपाने त्याचा हात धरला आन् म्हणाली, ‘जास मी.’ याने तिले रागावलं होतं, ‘अशी म्हणू नको, येस म्हण.’ ती हसली. म्हणाली, ‘नही. जास.’ तो शब्द प्रेमराजने त्यानंतर कानातही येऊ दिला नव्हता.

‘जास बोलनी,’ तो म्हणे.

‘मंग?’ तानुबाई म्हणे. ‘जी जास म्हणीसन गयी, ती बाकवर बशी का रे? ती मोकळी व्हयीसन गयी. अडकेल ती हाई शे, जिले येस म्हणीसन कोणी उना नही. आन् आते तू म्हणना.’

‘काय करू?’

‘तुलेबी तेच म्हणनं पडी. भिंत घालाना पहिले जाय, आन् तिले जास म्हण. फोड करीसन सांग. न सांगता पळना, ते ती वाट पाही... आन् वाट पाहीसन कंटाळनी, ते सोताच यी.’

...

अवस होती. गेल्या सालची मार्गशीर्षाची अवस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत घालायची ठरलेली. विटा कमानीजवळ रचलेल्या, वाळू चाळलेली, पंप वर भरावावर चढवलेला. छताच्या भोकांवरच्या काचा काढून पाइप सोडले होते, उरलेली फट गोणपाटाने बुजवली होती. म्हणजे आत उजेडाचं नावच नही.

मजूर गेले. अमृतचा फोन आला, ‘भो, एरंडोलले सासरी अडकी गऊ, आज उशीर व्हयी.’ तेवढ्यात पुनमचा फोन आला.

‘आबा, मी ऐतवारे येस.’

‘बरं.’

‘नको नही म्हणनात?’ तिले नवल वाटलं.

‘नही,’ प्रेमराज म्हणे. ‘ये तू.’ आन् थोडं थांबून, ‘मी घरमा नही दिखनू तर...’

‘तर काय?’

‘काही नही. ये तू, बेटा.’

फोन ठेवला. सात वाजले असतील. थंडीने शिवार गप झालेलं. दूर कोणाची तरी मोटर चालू होती, तीही बंद पडली.

त्याने चप्पल काढली नही या वेळेले. मोबाईलचा उजेड लावला. कमानीतून आत गेला.

‘या.’

थांबला. पुन्हा चालला. मोबाईलच्या उजेडात पावलापुरतं दिसायचं. छत दिसायचं नही. तिकिटाची खिडकी गेली. पितळी गज क्षणभर चमकले. ओटा आला. रोज बसायचा तो.

आज तो बसला नही.

‘ऐक,’ प्रेमराज म्हणे. ‘तुले एक सांगणं शे.’

शांत.

‘सकाय भिंत घालतीन. मी आते नही...’

तोंड उघडलं. सवयीचं तोंड, जन्मभराची सवय. जीभ आपोआप तिकडंच वळली. ‘ये...’

त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

जाळीपलीकडं बाक करकरला. कोणी सरकून बसतं ना, दुसऱ्याले जागा करून देतं... तसा.

‘या.’

हळू. गोड. दुखलेल्या माणसाले बोलावतात तसं. आन् खरं सांगू का, त्याले जावंसं वाटलं. घरी काय होतं? कुलूप. चूल. ताटली. इथं कोणी जागा करून दिली होती. जाळीचं दार अर्धं उघडं. दोन पावलांचं काम. गुडघे दुखत होते. बसलं तर बरं वाटलं असतं.

एक पाऊल टाकलंही त्याने.

तळपायाले कळली. मालगाडी. मंग छातीले. वरून चुना पडू लागला, मोबाईलच्या उजेडात धुकं झालं. मंग आवाज. डबे संपेनात. त्या धडधडीत त्याले एकच दिसलं. ऐतवार. पुनम दारात उभी. हातात पिशवी. ‘आबा’ म्हणून हाका मारते. दाराले कुलूप, आत कोणी नही. ती ओट्यावर बसते. वाट पाहते. पोरगी आईवर गेलेली, लवकर उठणार नही. बसून राहील...

गाडी गेली.

‘नही,’ प्रेमराज म्हणे. ‘एक तुन्हासारखी पुरे व्हयनी.’

डोळे मिटले. आन् म्हणाला,

‘जास मी.’

काही नही.

‘जास वं. मी येणार नही. माले मनी आंडेर, मनी पुनम, लेवाले येस. मी जास.’

काही नही...

काही नही...

छतावरून एक खडा पडला. टप्.

मंग बाक पुन्हा करकरला. बसताना करकरतो तसा नही. उठताना.

जाळीचं दार वाजलं.

प्रेमराज वळला. पळाला नही, त्याचे गुडघे पळण्यातले नव्हते. चालला. कमान समोर, बाहेरची चांदणी दिसत होती. मागं अनवाणी पाय. फरशीवर. घाई नही. याचं एक पाऊल, तिचं एक पाऊल. हा थांबला की ते थांबायचे. खिडकी गेली. मागं वळायचं नही. मागं वळायचं नही...

कमान आली. तो बाहेर पडला. विटांच्या ढिगाले धरून उभा राहिला.

पावलं कमानीपर्यंत आली. बरोबर उंबऱ्याशी.

थांबली.

आतून ‘या’ही आलं नही.

अमृत आला तेव्हा प्रेमराज तिथंच बसलेला. अमृत म्हणे, ‘काय व्हयनं भो?’ याने फक्त हाताने खुणावलं, आत जाऊ नको. अमृत हसला नही त्या दिवशी.

सकाळी गवंडी आले. पहिली वीट बसली तेव्हा प्रेमराज लांब फाटकाजवळ उभा होता, तानुबाईच्या टपरीशी. दुपारपर्यंत कमान बंद झाली. वरून दोन दिवस पंप चालला. आत छतापर्यंत माल भरला, वरच्या भोकांतून उतू आला तेव्हाच थांबले. सुपरवायझरने फोटो काढले. काम पास झालं.

ऐतवारी पुनम आली. बाप दारातच उभा होता, गाठोडं बांधून. ती रडली, मंग हसली, मंग पुन्हा रडली. घराले कुलूप लावताना प्रेमराज ना ‘येस’ म्हणला, ना ‘जास’. नुसता दाराच्या चौकटीवर हात ठेवला. दोघं गाडीत बसले. गाडी त्या भरावावरून निघाली तेव्हा पुनमने पाहिलं, आबांनी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. लहान पोरासारखे. पुढलं फाटक जाईस्तोवर खाली ठेवले नही.

आता मेहरूणमध्ये आहे. तलावाकाठी फिरतो, नातवाले बगळे दाखवतो. बरं आहे त्याचं.

मंग वैशाख आला. अमृत त्या नव्या टेसनावरच कामाले लागलेला. आपल्याकडचा वैशाख, पत्र्यावर पाणी टाकलं तर उडून जातं असा. त्या कमानीची भिंत प्लास्टर करून चुना मारलेली. बठ्ठी भिंत वाळून पांढरीफटक, टिचकी मारली तर ठणठण वाजायची. फक्त मधोमध एक जागा. तळहाताएवढी. बाईमाणसाच्या तोंडाच्या उंचीवर. ओली.

अमृतले वाटलं, कुठून तरी पाझर आहे. गवंडी बोलावला. त्याने तेवढं प्लास्टर खरवडून काढलं, खालच्या विटा कोरड्या. नवा गिलावा केला. चार दिवसांनी पुन्हा तिथंच.

मंग एका भर दुपारी अमृतने तिथं हात लावला. पाझराचं पाणी गार असतं ना...

ते कोमट होतं.

हात काढून तो पाहत उभा राहिला. ती जागा जरा वाळली. पुन्हा ओली झाली.

जरा वाळली...

पुन्हा ओली झाली.